बोसन अराबा

अपाम गावच्या किनाऱ्यावर बोसनच्या वर कुणी नाही. बोसनच्या वर थेट आभाळ. होडी कधी लोटायची, जाळं कुठं टाकायचं, कुणाला किती वाटा द्यायचा आणि कुणाला मानगूट धरून खाली उतरवायचं, हे सगळं बोसन ठरवतो. आपल्याकडं ज्याला तांडेल म्हणतात तोच हा, फक्त आवाज दुप्पट. हा शब्द कधीतरी गोऱ्यांच्या जहाजावरून खाली उतरला असणार, पण इथल्या वाळूत तो असा रुजलाय की परका आहे म्हणालात तर माणसं वल्ही घेऊन अंगावर येतील.

अराबा ही बोसन क्वामेना एसिल्फीची मधली लेक. मंगळवारी जन्मली म्हणून अराबा. मंगळवारी समुद्राची सुट्टी. त्या दिवशी कुणी होडी लोटत नाही, सगळे गडी माडाच्या झापांखाली बसून जाळी सांधतात. त्यामुळं क्वामेना त्या दिवशी घरात होता. "बाकीची पोरं मी समुद्रावरून आल्यावर बघितली," तो सांगायचा, "ही एकटी माझ्यासमोर टपकली."

त्याच्या होडीवरचा जुना गडी फीफी. त्याची जीभ कायम तिखट. तो म्हणायचा, "समुद्र झोपला होता तेव्हा आलीय ही. त्यानं हिचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही. उद्या भेटली तर ओळखणार कसा?"

पोरगी मात्र समुद्राला ओळख द्यायला उतावीळ. मंगळवारी होड्या वाळूवर ओढलेल्या असायच्या. ही टुणकन बापाच्या होडीत चढायची ती सरळ मागच्या टोकाला. तिथं सुकाणूचं वल्हं असतं, माणसापेक्षा लांब, बोसनच्या हाताखेरीज कुणाचा हात न लागलेलं. ही त्याला मिठी मारून बसायची आणि भावांवर ओरडायची, "ओढा रे आळशांनो, जाळं ओढा!"

"उतर खाली," बाप खेकसायचा. "बायकांनी धरायची वस्तू नाही ती."

"मग कुणी धरायची, एग्या?" बापाला ती एग्याच म्हणायची.

"बोसननं."

"मग मी बोसन होते," एका मंगळवारी तिनं जाहीर केलं.

किनारा खदखदून हसला. त्या दिवशी क्वामेनाही खुशीत होता, आदल्या दिवशी हेरिंग माशांनी होडी काठोकाठ भरली होती. कोळ्यांचे प्रमुख नाना ओटू समोरच खुर्चीवर बसले होते. त्यांच्याकडं बघून क्वामेना म्हणाला, "नाना, तुमच्यासमोर बोलतो. ही ज्या दिवशी बोसन होऊन येईल त्या दिवशी हे वल्हं मी हिच्या हातात देईन."

चेष्टेतच बोलला बिचारा. पण नानांसमोर बोललेला शब्द म्हणजे ओल्या दोरीची गाठ. वाळली की सुटत नाही.

पोरीनं ती गाठ मनात घट्ट बांधून ठेवली. शाळेत गणित तिला मक्याची केंकी खाल्ल्यासारखं पचायचं. पुढं तेमा बंदराच्या बाजूला जहाजावरच्या अधिकाऱ्यांचं कॉलेज आहे, तिथं नंबर लागला. बोसननं एवढंच ऐकलं की पोरगी जहाजाचं शिकायला चाललीय. पुढचं त्याचं त्यानं जुळवलं. गाडीत बसवून देताना स्टँडवर भेटेल त्याला सांगत सुटला, "बोसन व्हायला चाललीय. मोठ्या जहाजाची."

कॉलेजात पहिल्याच महिन्यात अराबाला कळलं की जहाजावर उतरंड वेगळी आहे. वर कप्तान. त्याच्याखाली चीफ ऑफिसर, मग सेकंड, मग थर्ड. हे डेकवरचे अधिकारी, ब्रिजवर उभे राहून जहाज हाकणारे. आणि बोसन? बोसन त्यांच्या खाली. डेकवरच्या खलाशांचा मुकादम. गंज खरवडून घेणारा, दोर बांधून घेणारा. तिनं वहीत लिहून घेतलं, परीक्षेत बरोबर उत्तर दिलं, मार्कही मिळाले. पण पुस्तक डोक्यात राहतं आणि सवय गुडघ्यात. ते तिला ताकोराडीच्या बंदरात कळलं, कॅडेट म्हणून पहिल्या जहाजावर चढली त्या दिवशी.

जहाजात मँगनीज भरत होते. सगळीकडं काळी धूळ. आणि ही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, दुधाच्या भांड्यासारखी. चीफ ऑफिसरनं तिच्याकडं नीट बघितलंही नाही. म्हणाला, "कॅडेट, जा, बोसनला भेट. तो काम देईल."

बोसन! पोरगी जवळजवळ पळतच निघाली. पुढच्या बाजूला गेली तर एक ठेंगणा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून हातोडीनं गंज पाडत होता. फिलिपिन्सचा रोडेल माग्बानुआ. अराबाला सगळं ठाऊक होतं. हा मुकादम आहे, आपण उद्या याच्या वर जाणार, फक्त 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, सगळं पाठ होतं. पण गुडघे आपोआप वाकले. मान खाली गेली. आणि अपामला होडीत नवा गडी येतो तेव्हा म्हणतो तेच ती म्हणाली, "बोसन, मी आलेय. तुमच्या होडीत मला जागा द्या."

रोडेलची हातोडी हवेतच थांबली.

तेवढ्यात अर्ध्या चड्डीतला, सपाता घातलेला एक टकला माणूस गंमत बघत मध्येच येऊन उभा राहिला. अराबानं त्याला हळूच कोपरानं सरकवलं. "काका, जरा बाजूला व्हा ना. मी बोसनशी बोलतेय."

काका बाजूला झाले. "माफ करा," असंही म्हणाले. मग सपाता वाजवत वर ब्रिजवर गेले, कारण ते त्या जहाजाचे कप्तान होते.

रोडेल मटकन लोखंडावर बसला आणि हसता हसता त्याचा टॉवेल सुटला. पुढं सगळ्या सफरीत कुणी बोसनला हाक मारली की मागून दुसरा ओरडायचा, "काका, बाजूला व्हा!" स्वयंपाक्यापासून इंजिनवाल्यांपर्यंत सगळे. एकदा खुद्द कप्तानही ओरडले.

संध्याकाळी रोडेलनं तिला विचारलं, "मला का गं वाकलीस?"

"आमच्याकडं बोसनच्या वर कुणी नसतं," ती म्हणाली. "माझे वडील बोसन आहेत."

दुसऱ्या दिवशी रोडेलनं स्वतःचे जुने जाड हातमोजे तिच्या दारात आणून ठेवले.

पहिला आठवडा ती ओकत होती. बोसनची लेक, होडीच्या टोकावर वाढलेली, आणि बादलीला मिठी मारून बसली होती! होडी लाटेवर उडते ते तिच्या पोटाला ठाऊक होतं. हे लोखंडी धूड मात्र आजारी म्हशीसारखं सावकाश कुशी बदलायचं. पण तेही अंगवळणी पडलं. दिवसा तिनं गंज खरवडला, रंग लावला, दोर सांधले. वर ब्रिजवर नकाशा, रडार, ताऱ्यांवरून जागा काढणं, हे सगळं शिकली. जहाजं बदलली, बंदरं बदलली. समुद्रावरचे महिने पुरे झाले आणि तोंडी परीक्षेला उभी राहिली.

परीक्षकानं विचारलं, "मासे धरणाऱ्या बोटीवर कुठले दिवे असतात?"

"जाळं टाकलेलं असेल तर वर लाल, खाली पांढरा, साहेब," ती म्हणाली. "हा नियम झाला. आमच्या अपामला एक बॅटरी असते. तीही कधी कधी फीफी नावाच्या माणसाच्या खिशात असते, विझवलेली. म्हणून तिथं मी दिव्यांवर विसंबत नाही, डोळे फाडून बघते."

परीक्षक हसले आणि सही केली.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला. "एग्या, पास झाले!" पलीकडं वारा, लाटा, इंजिनाचा धडधडाट. बाप ओरडला, "काय? झाली? बोसन झाली?" ती "नाही, एग्या, ऐका" म्हणेस्तोवर फोन तुटला. पुन्हा लागला तेव्हा पलीकडं ढोल वाजत होते. मग तिच्याच्यानं सांगवलं नाही. भेटल्यावर सांगू, म्हणाली. तोवर जहाजावरून बोलावणं आलं, थर्ड ऑफिसर म्हणून. योग असा की बोसन होता रोडेलच.

तिनं त्याला सगळं सांगितलं. रोडेल म्हणाला, "त्यात काय! सांगून टाक बोसन झाले म्हणून. तुमच्या गावात कोण तपासायला येणार? मी वाटलं तर सर्टिफिकेट रंगवून देतो."

"एग्यांना खोटं सांगून त्यांचं वल्हं धरू?" ती म्हणाली. "मग ते वल्हं कुठलं? नुसता बांबू."

ती सफर संपवून अराबा घरी आली तो मंगळवार होता. टेकडीवरच्या किल्ल्याच्या उतारावरून खाली आली आणि तिचे पाय जागीच थबकले. वाळूवर बापाची होडी उभी होती, नव्या कोऱ्या रंगात, लाल, पिवळी, हिरवी. आणि मागच्या टोकाला, सुकाणूच्या अगदी शेजारी, हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: बोसन अराबा.

होडीकडं पाठ करून तिनं वाट बदलली.

ती आधी आईकडं गेली. तिची एना धुराच्या भट्टीवर मासे उलटत होती, डोळे लाल, कमरेला फडकं घट्ट. लेकीला मिठी मारली, पानांतली केंकी सोडली, मिरची वाटली. घास तोंडात असतानाच अराबानं सांगून टाकलं. "एना, मी बोसन नाही झाले. अधिकारी झाले. बोसन माझ्या हाताखाली असतो."

एना भट्टीवरून वळली. "बोसन हाताखाली? तुझ्या?"

"हो."

"माझ्या लग्नाआधी कुणीतरी मला हे सांगायला हवं होतं," एना म्हणाली आणि पोट धरून हसत सुटली. हसून झाल्यावर डोळे पुसले. "जा, आत्ताच्या आत्ता सांगून ये. तिथं सगळे जमलेत. खोटं बोलून त्या होडीत बसलीस तर इंजिन काढून घेईन मी. इंजिन माझं आहे."

झापांखाली अख्खा किनारा जमला होता. नाना ओटू खुर्चीत. क्वामेना अंगभर गुंडाळायचा नवा झगा एका खांद्यावर टाकून मध्ये उभा, दंड उघडा, छाती पुढं. शेजारी सुकाणूचं वल्हं, तेल लावून चकचकीत केलेलं.

"नाना," क्वामेना गरजला, "मी तुमच्यासमोर बोललो होतो. आज माझी पोर बोसन होऊन..."

"एग्या," अराबा म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाली. "एग्या, मी बोसन नाही झाले."

जाळी सांधणारे हात थांबले.

"मग काय झालीस?"

"थर्ड ऑफिसर. तिसरी अधिकारी."

"तिसरी?" फीफीचा आवाज आला. "पहिल्या दोघी कोण? त्यांना आणायचं होतंस!"

किनारा हसत फुटला. बापाचा चेहरा मात्र असा उतरला की जणू ओढलेल्या जाळ्यात नुसता पाला निघाला. अराबाला ते सोसलं नाही. ती सावरायला गेली आणि तिनं आणखी बिघडवलं. "एग्या, मोठ्या जहाजावर बोसन खाली असतो. मी त्याच्या वर."

हशा एकदम थांबला. नाना ओटूंनी डोळे बारीक केले. बोसनच्या वर? बापासमोर, अख्ख्या किनाऱ्यासमोर? क्वामेनानं झगा खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला, वल्हं उचललं आणि तो होडीकडं चालू लागला.

"थांब रे," नाना म्हणाले. "पोरीला विचारू तर दे. अराबा, वर म्हणजे कुठं? करतेस काय तू तिथं?"

"काचेच्या खोलीत उभी असते, नाना. सगळ्यात वर. तिथून चहूकडं बघते. जहाज कुठं न्यायचं ते सांगते."

"काचेची खोली?" फीफी उठूनच उभा राहिला. "ती मोठी जहाजं जातात, त्यांच्या डोक्यावर असते ती? आम्ही इथं हात हलवून हलवून बोंबलतो आणि आत कोण आहे ते दिसत नाही, ती?"

"तीच."

"आत तू असतेस?"

"माझ्या पाळीला मी."

"म्हणजे गेल्या साली माझं जाळं फाडून गेलीस ती तूच!"

"फीफीमामा, मी तेव्हा ब्राझीलला होते!"

"मग तुझा भाऊबंद असेल! सांग त्याला!"

आणि मग जो तो उठला. कुणाचं जाळं, कुणाचे जाळ्याचे तरंगते बोये, कुणाची होडी लाटेनं उलटलेली. इतक्या वर्षांत काचेआडचं माणूस पहिल्यांदाच हाताशी लागलं होतं, वाळूवर, अनवाणी. मागली सगळी गाऱ्हाणी तिच्या पदरात पडली. ती "हो मामा, हो मामा, सांगते" म्हणत सगळ्यांना तोंड देत होती. तेव्हा होडीपाशी पोचलेला क्वामेना वळला.

"जाळं दिसलं तर काय करतेस?" त्यानं लांबूनच विचारलं.

"जहाज वळवते, एग्या."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. ती वेळ विचारायची नसते."

क्वामेनानं वल्हं वाळूत टेकवलं. तोही कधी कुणाला विचारत नसे.

नेमका तेव्हाच अराबाच्या खिशातला फोन थरथरला. रोडेल. जहाज तेमाला लागलं होतं आणि त्याला दम निघत नव्हता. पडद्यावर त्याचं घामेजलेलं तोंड, डोक्यावर हेल्मेट. "मॅडम थर्ड! काय झालं? बोललात का?"

"हा कोण?" क्वामेनानं विचारलं. तो परत आला होता.

"बोसन आहे, एग्या. माझ्या जहाजाचा."

बोसन! किनारा फोनवर वाकला. अराबानं फोन बापासमोर धरला. रोडेलनं झगा पाहिला, दंड पाहिले, हातातलं वल्हं पाहिलं, आणि हेल्मेट काढून छातीशी धरलं. "नमस्कार, बोसन."

"नमस्कार, बोसन," क्वामेना भारदस्तपणे म्हणाला.

पुढचं अराबा एकाचं दुसऱ्याच्या बोलीत सांगत गेली. रोडेल म्हणाला, जहाजावर बोसनला सगळे शिव्या घालतात. वरचे घालतात, खालचे घालतात. इतक्या वर्षांत एकच माणूस आलं ज्यानं गुडघे वाकवून बोसनकडं जागा मागितली. आणि त्यापायी कप्तानाला कोपर मारलं.

"कप्तान म्हणजे?" नानांनी विचारलं.

"सगळ्यांच्या वरचा, नाना."

"त्याला कोपर मारलंस? बोसनसाठी?"

अराबानं मान खाली घातली. क्वामेनानं झगा उगाचच सारखा केला, एकदा, दोनदा. मग घसा खाकरून त्यानं पडद्यातल्या बोसनला कामाचं विचारलं. "ओकली का?"

अराबानं सांगायचं टाळलं, पण हातवारे बघून रोडेलला समजलंच. त्यानं दोन्ही हातांनी भली मोठी बादली दाखवली. मग दुसरी बादली दाखवली.

अपामच्या किनाऱ्यावर असा हशा झाला की बगळे उडाले. फीफी वाळूत लोळला. "बोसनची लेक! बादल्या भरल्या! सांगितलं होतं ना, समुद्र हिला ओळखणार नाही!" आणि सगळ्यात मोठा आवाज क्वामेनाचा होता. वल्ह्याला टेकून तो हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

हशा ओसरला तसे नाना म्हणाले, "क्वामेना, तुझा शब्द मी ऐकलाय. बोसन झाली तर वल्हं. झालेली नाही. आता?"

क्वामेनानं वल्हं उजव्या हातातून डाव्यात घेतलं, पुन्हा उजव्यात घेतलं. "नाना, माझं चुकलंच होतं तेव्हा. बोसन झाल्यावर वल्हं देईन म्हणालो. वल्हं न धरता कुणी बोसन झालाय का कधी? मी झालो? पोर इतकी वर्षं वाट बघतेय, ती होणार कशी?" मग लेकीकडं वळून खेकसला, "उद्या पहाटे ये. शिकाऊ म्हणून. काचेची खोली घरी ठेवून ये."

"बाई होडीत?" मागून कुणीतरी कुरकुरलं.

"इंजिन माझं, लेक माझी," गर्दीच्या कडेनं एनाचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "त्याचं काय ते वल्हं तेवढं त्याचं. आणखी कुणाला काही विचारायचंय?"

कुणाला काही विचारायचं नव्हतं. नाना हसून म्हणाले, "लोटा मग उद्या."

बुधवारी उजाडता उजाडता होडी लाटांच्या रांगा ओलांडून बाहेर पडली. अराबा मागच्या टोकाला. दोन्ही हातांत वल्हं, आणि त्याच्यावर बापाचे दोन्ही हात. तिला वाटलं होतं तसं ते हलकं नव्हतं. पाणी त्याला आतून ओढायचं, झटका द्यायचं, जिवंत जनावरासारखं. एका लाटेला तिच्या तोंडून सवयीनं हुकूम सुटला, "डावीकडं दहा अंश!"

"कुणाला सांगतेस?" बाप कानाशी ओरडला. "इथं खाली कुणी नाही! वळव तूच!"

होडीतले सगळे गडी हसले. फीफी पुढून ओरडला, "काका, जरा बाजूला व्हा!" ही गोष्ट एका रात्रीत सगळ्या अपामला पाठ झाली होती.

तिनं सगळं अंग टाकून वल्हं दाबलं. होडी वळली. बापाचे हात केव्हा निघाले ते तिला कळलं नाही.

"सरळ धर," तो म्हणाला.

"होय, बोसन."

जाळं ओढून, मासे उतरवून ते परतले तेव्हा पेंटर एबो रंगाचा डबा घेऊन होडीपाशी उभा होता. क्वामेनानंच बोलावलं होतं. नावावर काट मारायची का, असं एबोनं विचारलं. क्वामेनानं होडीभोवती फेरी मारली, डोकं तिरकं करून अक्षरं न्याहाळली. मग दोन शब्दांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं मावेल?"

जागा कमीच होती. एबोनं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, दोन्हींच्या मधोमध पिवळ्या रंगानं एक बारकं 'आणि' दाटीवाटीनं बसवलं. थोडं वाकडं आलं. ते अजूनही वाकडंच आहे.